पाकाताई आणि मास्तरांची सफरचंदं

पाकाताई हे नाव तिला कारखान्यात पडलं. कारखाना गोळ्यांचा. "कसल्या गोळ्या? बंदुकीच्या की डोकेदुखीच्या?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "चघळायच्या. डोकेदुखी माझी घरी असते." साखर उकळायच्या खात्यात तिनं बावीस वर्षं काढली. कढईला तापमानाचा काटा लावलेला होता, पण मुकादम आधी तिच्या तोंडाकडे बघायचा आणि मग काट्याकडे. तिनं मान हलवली की कढई उतरायची.

कारखाना बंद पडला तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. मुलगी नुकती लग्न होऊन गावातच दुसऱ्या टोकाला गेली होती. घरात उरले दोघं, ती आणि नवरा. नवरा बसचा कंडक्टर, पण सगळे त्याला मास्तर म्हणत. आवाज असा, की पुढच्या दाराशी उभा राहून मागच्या बाकावरच्याला हसवायचा. बाहेर हा माणूस साखरेचा. घरी आला की बुटांबरोबर हसूही दाराशीच काढून ठेवायचा.

महिनाभर ती नुसती बसून राहिली. मग एक दिवस फळवाल्याकडून कुणी घेत नाहीत अशी लहान, आंबटसर सफरचंदं घेऊन आली आणि घरच्या पातेल्यात पाक चढवला.

"हे काय नवीन?" मास्तरांनी विचारलं.

"सफरचंदावर पाक चढवून बघते. शाळेच्या फाटकाशी विकेन."

"नसती थेरं. कारखाना गेला, तरी तुझी साखर काही जात नाही."

एवढंच बोलून ते पेपरात शिरले.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. फळाच्या सालीवर मेणाचा हात असतो, तो गरम पाण्यानं काढावा लागतो, नाहीतर पाक सालीला धरतच नाही. मग फळ पुसून इतकं कोरडं करायचं, की देठाच्या खळग्यातसुद्धा ओल राहता कामा नये. देठाच्या जागी काडी रोवायची. साखर, पाणी, लिंबाचे चार थेंब आणि लाल रंग. एकदा उकळी आली की ढवळायचं नाही. हात कितीही शिवशिवले तरी नाही. एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे सगळे टप्पे जाऊ द्यायचे, आणि थंड पाण्यात टाकलेला थेंब काचेसारखा कट्कन तुटला की त्या क्षणी गॅस बंद. अर्धं मिनिट उशीर झाला की पाक कडू. अर्धं मिनिट घाई झाली की खाणाऱ्याच्या दाताला चिकटणार. मग पातेलं तिरकं धरून फळ त्यात एकदाच गोल फिरवायचं आणि तेलाचा हात लावलेल्या ताटात उभं करायचं.

पाकाताईची सफरचंदं अशी व्हायची, की त्यांत खिडकी दिसायची. गज मोजून घ्यावेत इतकी स्पष्ट.

चार वर्षं तिनं ती विकली. डबा घेऊन फाटकाशी उभी राहायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. पोरंच यायची. शाळेतल्या एक बाई रोज मधल्या सुट्टीत एक घेऊन जायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्यामुळे माझ्या दातांचं काही खरं नाही." पाकाताई हसायची. तेवढंच तिचं बोलणं. मास्तर तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी या चार वर्षांत एकही सफरचंद तोंडात घातलं नाही.

तो दिवस रविवारचा. दुपारचे चार वाजले असतील. स्वयंपाकघर एवढं चिंचोळं, की एकानं कपाट उघडलं तर दुसऱ्यानं बाहेर जावं. पाकाताईनं नुकताच गॅस बंद केला होता आणि उकळतं पातेलं दोन्ही हातांनी उचललं होतं. मास्तरांना चहा हवा होता. पाच मिनिटं थांबा, असं ती दोनदा म्हणाली होती. ते थांबले नाहीत. काडेपेटी घ्यायला तिच्या काखेखालून हात घालायला गेले आणि त्यांचं कोपर तिच्या कोपराला लागलं.

पाण्यानं भाजलं तर पाणी ओघळून जातं. पाक ओघळत नाही, तो धरून बसतो. तिचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत लाल काचेत गेला आणि ती काच आतून जळत राहिली. ती ओरडली नाही. नळाखाली हात धरून म्हणाली, "गॅसचा खटका बघा, नीट बंद झालाय ना?"

दवाखान्यात मास्तरांनी डॉक्टरांना सांगितलं, "तिची जरा धांदलच असते." शेजाऱ्यांना सांगितलं, "कितीदा म्हटलं, सावकाश कर." चौथ्या-पाचव्यांदा सांगताना त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं असावं. पाकाताई ऐकत होती. मुलीनं विचारलं, "आई, नक्की झालं काय?" तेव्हा ती म्हणाली, "सांडलं."

हात बांधलेला होता तेव्हा शाळेच्या वार्षिक मेळाव्यासाठी शंभर सफरचंदांची मागणी आली. नाही म्हणावं, असं तिच्या मनात होतं. मास्तर म्हणाले, "मी करतो. तू सांग."

ती दारात खुर्ची टाकून बसली.

"ढवळू नका."

"खाली लागेल ना!"

"लागत नाही. ढवळू नका म्हणते ना."

त्यांनी ढवळलं. पाक फिरला आणि पातेल्यात पुन्हा साखर होऊन बसला, पांढरा, रवाळ. दुसरा घाणा करपला. तिसरा ढगाळ झाला. पण मास्तर चिवट माणूस होते, हे तिलाही तेव्हाच कळलं. आठ दिवस ते शिकले. ती खुर्चीतून वासावर सांगायची. "आता थेंब टाका. अजून नाही. आता. बंद करा, बंद करा!" शंभरातली साठ बरी निघाली. बाकीची चाळीस मास्तरांनी आवाजावर विकली.

कारण विकायला मास्तर जन्मले होते. फाटकाशी उभे राहून ते ओरडायचे, "चला, पुढे सरका, आत जागा आहे! फोडा, पण दात सांभाळा!" पोरं खदाखदा हसायची. पोरांना घ्यायला आलेले आईबाप थांबायचे. दोन महिन्यांत एका डब्याचे दोन डबे झाले, आणि एका पाटीवर लाल अक्षरांत आलं : मास्तरांची सफरचंदं.

पाटी तिनं पाहिली तेव्हा ती हातात रबरी चेंडू दाबत होती. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम. तीन बोटं आखडली होती, पण अंगठा आणि तर्जनी मिटत होती. आठ महिने तिनं तो चेंडू दाबला. मग एका सकाळी पदर खोचून ती गॅसपाशी गेली.

"आजपासून मी करते."

"राहू दे," मास्तर म्हणाले.

"हात चालतो आता."

"चालतो म्हणजे काय? पातेलं सुटलं तर? लोक मलाच बोलतील, बायकोला भाजलेल्या हातानं राबवतो म्हणून."

"तुम्ही पातेलं धरा. पाक मी बघते."

"अगं, एका म्यानात दोन तलवारी कशाला? तू आता आराम कर. आयुष्यभर केलंसच की."

"अहो, पण मला करायचंय."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. खरंच न कळल्यासारखं बघितलं. "पण आता लोक माझ्याकडूनच घेतात ना," ते म्हणाले. त्यात चिडणं नव्हतं, खोटेपणाही नव्हता. हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. भांडता येईल असं त्यात काही नव्हतं.

ती सफरचंदं पुसायला बसली. पुढे अकरा वर्षं तिनं सफरचंदं पुसली आणि काड्या रोवल्या.

मधे एकदा वर्तमानपत्राची बातमीदार मुलगी आली. स्वयंपाकघरात मावेना, म्हणून दारातून फोटो काढू लागली. मास्तरांनी स्वच्छ शर्ट घातला होता. "कुठे शिकलात काका?" तिनं विचारलं. मास्तर म्हणाले, "शिकवतंय कोण? हात भाजत भाजत शिकलो." आणि हसले. मुलीनं ते लिहून घेतलं. पाकाताईचा उजवा हात त्या वेळी पदराखाली होता.

मुलगी तिच्याकडे वळली. "काकू, तुम्ही मदत करता का त्यांना?"

पाकाताईनं मास्तरांकडे बघितलं. ते बोलतील असं तिला वाटलं, निदान एवढं तरी. मास्तरांनी एक क्षण तिच्याकडे बघितलं, मग ते कॅमेऱ्याकडे वळले.

"करते," ती म्हणाली. "पुसून देते."

त्या संध्याकाळी तिनं आपल्या मुलीला फोन केला आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. कोपर, काडेपेटी, पाटी. मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, आता या वयात हे उकरून काय मिळणार? बाबा खूश आहेत. घरात शांतता आहे. जाऊ दे ना."

"बरं," असं म्हणून तिनं फोन ठेवला. पुन्हा तो विषय काढला नाही.

मास्तर गेले तेही भर दुपारी, न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली असताना. गोष्ट सांगत होते म्हणे. शेवट राहिला.

भेटायला माणसांची रीघ लागली. पूर्वीचे प्रवासी आले, पोरं आली, पोरांचे आईबाप आले. शाळेतल्या त्या बाईही आल्या, आता मुख्याध्यापिका झालेल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "काय कला होती हो हातात! त्यांच्याबरोबरच गेली."

पाकाताई तीन दिवस कुणाशी बोलली नव्हती. ती म्हणाली, "माझी होती ती."

बाईंनी तिचा आखडलेला हात हातात घेतला आणि गहिवरून म्हणाल्या, "हो हो, तुमचेच होते ते. जन्मभराची सोबत."

पाकाताईनं हात सोडवून घेतला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

सहा महिन्यांनी तिनं पातेलं चढवलं. डाव्या हातानं थेंब टाकला, डाव्याच हातानं खटका फिरवला. जड पातेलं उचलता येत नव्हतं, म्हणून शेगडीवरच तिरकं टेकवलं आणि एकेक फळ फिरवलं. बारा सफरचंदं. ताटात उभी केली तेव्हा त्यांत खिडकी दिसत होती. मास्तरांच्या सफरचंदांत ती अकरा वर्षांत कधी इतकी स्वच्छ दिसली नव्हती. हे फक्त तिलाच ठाऊक होतं.

ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. मधली सुट्टी झाली, तशा मुख्याध्यापिका आल्या. एक घेतलं, चावलं. कट्कन आवाज झाला.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, दुखावणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "पण मास्तरांच्या हाताची सर नाही हो."

"नाही ना?" पाकाताई म्हणाली.

"जमेल हळूहळू. करत राहा. त्यांचं नाव चालू राहील."

त्या दिवशी बाराच्या बारा खपली. घेणारा जो तो मास्तरांची आठवण काढून घेत होता. एकानं तर न खाताच पिशवीत टाकलं, वहिनींना तेवढाच आधार म्हणून.

रविवारी मुलगी आली ती बाबांचा फोटो मोठा करून घेऊनच. त्यात मास्तर तोंड उघडून हसत होते. "डब्यावर लाव आई. लोक ओळखतील. मी खाली छापून पण आणते, मास्तरांची परंपरा असं काहीतरी."

"नको."

"अगं, का नको? त्यांच्याच नावावर खपतात ना?"

"म्हणूनच नको."

"आई, गेलेल्या माणसाचा काय राग धरतेस?"

"जिवंत होते तेव्हा तू धरू दिला नाहीस," पाकाताई म्हणाली.

मुलगी फोटो घेऊन परत गेली. पंधरा दिवस तिचा फोन आला नाही. मग आला, तो पाण्याच्या बिलाबद्दल.

पाकाताईनं घरातली लाल अक्षरांची पाटी उलटी करून कपाटाच्या मागे सरकवली. डबा घेऊन ती फाटकाशी जायची आणि कुणी म्हणालं, "ही मास्तरांचीच ना?" तर सरळ सांगायची, "नाही. माझी." लोक जरा चपापायचे, काही जण पैसे पुन्हा खिशात घालायचे. महिन्याभरात बाराची सहा झाली. सहा ती अजूनही करते. रोज दोन-तीन न खपता परत येतात. त्यांतलं एक ती सुरीच्या मुठीनं फोडते आणि खिडकीत बसून, उरलेल्या दातांनी, सावकाश खाते.