सात टोकांचा जहाजी तारा

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. दवनीवाड्याजवळच्या आमच्या गावात बोटीवर नोकरी करणारे एकटे माझे धाकटे दीर. बोटीवर ते काय काम करतात, हे घरात कोणी विचारत नसे. सासूबाई आजारी असताना दिरांनी एकदा कांदे चिरून दिले, त्या वेगावरून मला अंदाज आला होता.

एकदा दीर सुट्टीवर आले, त्या खेपेला नणंदेला पाहायला चिचगडकडचे पाहुणे यायचे होते. आधीच्या दोन स्थळांनी तिला उन्हात उभी करून रंग पाहिला होता आणि जेवून निघून गेले होते. आता पुन्हा तसंच होईल, याची तिला धास्ती होती. दिरांना वाटलं, पाहुण्यांवर आपल्या नोकरीची छाप पाडावी. म्हणाले, "वहिनी, अंगणात रांगोळीचा चौक नको. जहाजावर होकायंत्रात असतो तो दिशांचा तारा काढ."

चौक काढणं माझ्या हातचं होतं. सारवलेल्या अंगणात मधोमध खुंटी ठोकली, दोरी फिरवून गोल आखला. चार दिशांना चार लांब टोकं, त्यांच्या मध्ये चार आखूड. प्रत्येक टोक मधून रेघ ओढून दुभंगायचं. एक अर्धं तांदळाच्या पिठानं भरायचं, दुसरं गेरूनं. गेरू सगळीकडे एकाच बाजूला यायला हवा, नाहीतर तारा पिळल्यासारखा दिसतो. दीर बाजेवर पडून जहाज हाकल्यासारखे हुकूम सोडत होते.

तेवढ्यात सासरे आले. "हे टोक कोणीकडं?"

"दक्षिणेकडं जी," दीर म्हणाले.

"यमाची दिशा. लग्नाच्या कामात दारात दक्षिण कायले? पुसून टाक, सूनबाई."

"पण बाबा, दक्षिणेशिवाय जहाज चालत नाही."

"आपल्या अंगणातून कोणतं जहाज नेऊन राहिला तू?"

सासऱ्यांपुढे मी तोंड उघडत नसे. पदर पुढे ओढला आणि टोक पुसलं. तारा दात पडल्यासारखा दिसू लागला.

दुपारी पाहुणे आले. नवऱ्या मुलाचे मामा बोलके होते. त्यांनी ताऱ्याभोवती एक फेरी मारली. दिरांनी दिशा समजावून सांगितल्या. आपल्या हुशारीची साक्ष द्यायची एवढी घाई, की थांबायचं कुठं हे सुचलं नाही.

"आन् दक्षिण?" मामांनी विचारलं.

"ती पुसली. यमाची."

मामा सासऱ्यांकडे वळले. "पाटील, आमचं गाव तिकडंच आहे. म्हणजे आम्ही यमाकडचे का जी?"

सासरे म्हणाले, शास्त्र आहे. मामा म्हणाले, मग पोरगी यमाकडं काऊन देऊन राहिले? बराच वेळ दोघं शास्त्रावर बोलले. दोघांनीही ते वाचलेलं नव्हतं. दाराआड नणंद माझा हात घट्ट धरून उभी होती.

शेवटी सासरे घसा खाकरून म्हणाले, "सूनबाई, काढ ते टोक."

इतक्या परक्या माणसांसमोर मी पहिल्यांदाच बाहेर आले. दोरी न लावताच घाईनं रेघा ओढल्या, म्हणून ते टोक बाकीच्यांपेक्षा लांब झालं. मामांना वाटलं, मुद्दामच मान दिला. "आता बराबर," ते म्हणाले आणि जेवायला बसले. मुलीनं पान वाढलं, तिनं केलेली भाजी त्यांना आवडली. होकार देईपर्यंत ऊन अंगणातून निघून गेलं होतं. तिला उभी करायचं कोणाला आठवलंही नाही.

गाडी वळणाआड होताच सासऱ्यांनी सांगितलं, "पुस आता ते."

मी पोतेरं भिजवलं. नणंद येऊन टोकापाशी उभी राहिली. "नोको पुसू, वहिनी. मले तिकडंच जायचं आहे."

ती हे बापाच्या देखत बोलली. सासरे आत गेले, आणि दीर बाजेवरून म्हणाले, तारा कसा कामी आला पाहा.

दुसऱ्या दिवशी कोंबड्यांनी पीठ टिपून खाल्लं. त्यांनी कोणतीच दिशा सोडली नाही.