मामांचा चहा आणि मामीचं नाक

आमच्या मामांचं आयुष्य बुडबुड्यांत गेलं. शोभेच्या माशांच्या दुकानात त्यांनी चाळीस वर्षं टाक्यांचे हवापंप दुरुस्त केले. दुकान बंद झालं तेव्हा उरलेले तीन पंप घेऊन ते घरी आले. मामी म्हणाली, "आता हे कुठे ठेवणार? माझ्या डोक्यावर?" पंप गच्चीवर गेले, म्हणजे तसे तिच्या डोक्यावरच.

तिथे मामांनी कंपोस्टचा चहा करायला घेतला. पिण्याचा नव्हे, झाडांचा. वीस लिटरची बादली घ्यायची आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून ती एक दिवस उघडी ठेवायची. मग फडक्याच्या पुरचुंडीत मुरलेलं कंपोस्ट, चमचाभर काकवी, आणि तळाशी पंपाची नळी सोडून आणखी एक दिवस हवा. "हे जिवाणू म्हणजे माझे नवे मासे," मामा सांगत. "हवा मिळाली की वाढतात. नाही मिळाली की मरतात आणि त्यांच्या जागी भलतेच येऊन बसतात." भलतेच आलेत का, हे ओळखायची मामांची रीत एकच, वास घ्यायचा. चांगल्या चहाला ओल्या मातीचा वास येतो, बिघडलेल्याला गटाराचा.

आणि इथेच खरी मेख होती. तीन महिन्यांपूर्वीच्या तापानंतर मामांना कसलाच वास येत नव्हता, आणि हे त्यांनी घरात कोणालाही सांगितलं नव्हतं. मला या पिढीच्या पुरुषांचा खरंच राग येतो. पाय मोडला तरी म्हणतील, जरासा मुरगळलाय. मामा रोज सकाळी बादलीवर वाकत, डोळे मिटून "वा!" म्हणत आणि कॅन भरून रोपवाटिकेत नेऊन देत. रोपवाटिका चालवणाऱ्या बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मामांनी वास घेऊन दिलाय ना, मग मी बघतही नाही." दुकान गेल्यापासून मामांना कोणी इतकं मानलं नव्हतं. तेवढं हातचं जाऊ नये, एवढ्यासाठी ही सगळी लपवाछपवी.

व्हायचं ते झालंच. एकदा नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड गाळाने बुजला. वर आदल्या दिवशीचा फेस होता, खाली हवा जवळजवळ बंद. पंप मात्र नेहमीसारखा गुणगुणत होता आणि मामांनी त्या आवाजावर भरवसा ठेवला. रोपवाटिकेत बाई नव्हत्या, म्हणून त्यांनी स्वतःच्या हातांनी तो चहा ढोबळी मिरचीच्या रोपांना घातला. चार दिवसांत दोन वाफे माना टाकून बसले.

"मामा, वास नव्हता आला?" बाईंनी विचारलं.

बियाण्यावर ढकलता आलं असतं, हवेवर ढकलता आलं असतं. मामा म्हणाले, "मला वास येतच नाही, बाई. तीन महिने झाले."

बाई मेलेली रोपं उपटायला लागल्या. मामा घरी आले, मामीला सगळं सांगितलं, गच्चीवर जाऊन तिन्ही पंपांच्या वायरी गुंडाळल्या आणि जेवायलाही खाली आले नाहीत.

आता आमची मामी म्हणजे नाकाने कांदे सोलणारी बाई. खत आल्यापासून ती गच्चीचा जिना चढली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती धापा टाकत वर आली.

"लावा तो पंप."

"कशाला? आता नाक कुठून आणू?"

"हे काय, आहे ना. एवढी वर्षं तुमच्यावर मुरडण्यातच गेलं, जरा कामाला येईल."

काल सगळं ऐकून ती जराही दचकली नव्हती, हे मामांच्या आता लक्षात आलं. "तुला आधीच माहीत होतं?"

"नासलेलं दूध घटाघटा प्यायलात, त्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. आणि सांगितलंत कुठे, तर रोपवाटिकेत!" मामांनी वायर सोडवली.

तयार झालेला पहिला कॅन दोघांनी मिळून नेला. बाईंनी आधी एकाच वाफ्याला घातला, आठवडाभर पाहिलं आणि मग पुढचे दोन कॅन सांगितले. आता रोज सकाळी मामी बादलीवर वाकते, कपाळाला आठ्या घालते आणि म्हणते, "माती. ओली माती."

"नक्की? मला बरं वाटावं म्हणून खोटं नाही ना सांगत?"

"खोटं सांगायचं खातं तुमच्याकडे," मामी म्हणते, "मी फक्त वास घेते."