भजनांबरोबर बाहेर गेलेले कागद

गोव्यातल्या साखळी गावच्या आमच्या ट्रान्सपोर्ट कचेरीत हिशेब बघणाऱ्या काकांना जुन्या भजनांचं वेड. मी तिथे नवीन लागले, तेव्हा दुपारी उंडा पाव आणि भाजी खाताना काकांच्या टेबलावरून गाणं यायचं. मला वाटलं, रेडिओ असेल. पण काका फाइल शेअरिंगच्या सॉफ्टवेअरमधून ती भजनं उतरवून घ्यायचे.

"कुठल्या गावचा कोण, त्याच्याकडलं भजन आपल्याला मिळतं आणि आपलं त्याला. केवढं पुण्य गो!" ते म्हणायचे.

एका सकाळी फोंड्याहून एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. मीच उचलला.

"त्या भजनांच्या सॉफ्टवेअरवर तुमच्याकडे आणखी कुठली भजनं आहेत ते बघत होते, तर तुमच्या ड्रायव्हरांची लायसन्सं, आधार कार्डं, पासबुकंच दिसली. त्यांतल्या एका पत्राच्या लेटरहेडवर तुमचा नंबर होता, म्हणून कळवते."

काकांनी भजनांच्या फोल्डरऐवजी अख्खी ड्राइव्हच जगाला खुली करून ठेवली होती. मी आधी इंटरनेटची वायर काढली.

"विश्वासानं दिले होते गो त्यांनी कागद," काका म्हणाले.

मालकांनी माणूस बोलावून सगळे कॉम्प्युटर तपासले, सॉफ्टवेअर काढलं, पासवर्ड बदलले. पण बाहेर गेलेलं काही परत आणता येत नाही, हे त्या माणसानं स्पष्टच सांगितलं. मालक नोटीस लावायला निघाले, तर काका म्हणाले, "नोटीस नको. मी तोंडानं सांगतो."

ड्रायव्हर बहुतेक दोडामार्गकडचे. काका उन्हात एकेका ट्रकपाशी गेले आणि काही न लपवता सांगत राहिले. एक वयस्कर ड्रायव्हर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सांगलास ता बरा केलास. आता आमी काय करूचा?"

काकांनी प्रत्येकाला बँकेत नेलं, आधार लॉक करून दिलं. ओटीपी मागणारा फोन आला तर काय करायचं, ते पाठ करून घेतलं.

पावसाळ्यानंतर त्याच वयस्कर ड्रायव्हरचा घाटातून फोन आला. आवाज इतका मोठा, की मलाही ऐकू येत होता.

"काकांनू, त्या चोराचो फोन इलो! माझा नाव, खात्याचो नंबर, सगळा सांगता!"

"ओटीपी दिलास?" काका ताडकन उठून उभे राहिले.

"नाय ओ! कट केलंय आणि आधी तुमका लावलंय."

काका डोळे पुसत हसायला लागले.