मुखात तुळशीपत्र घालावे

साउथहॅम्प्टनमधल्या आमच्या दहा-पंधरा मराठी घरांचे भटजी एक बस ड्रायव्हर होते. खरं तर ते भटजी नव्हतेच. लहानपणी कोकणात वडिलांच्या शेजारी बसून जे पाहिलं, ऐकलं, तेवढ्या भांडवलावर ते बारशापासून सत्यनारायणापर्यंत सगळं निभावून न्यायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. शनिवारची शिफ्ट संपवून ते यायचे, बाथरूममध्ये युनिफॉर्म उतरवून धोतर नेसायचे आणि पाटावर बसायचे. हातात पुस्तक कधी नसायचंच. मधलं काही विसरलं की गुणगुणायचे, आठवलं की पुढे जायचे. कुणी गेलं तर रजा टाकून सगळ्यात आधी तेच पोचायचे.

मी तिथल्या हॉस्पिटलमध्ये भूल देणारा डॉक्टर होतो. वय तिशीतलं, आणि आपल्याइतकं शहाणं कुणी नाही याबद्दल मनात तिळमात्र शंका नव्हती. ज्युनिअर्सना मी रोज ऐकवायचो की पाठीच्या मणक्यात सुई घालायला पुस्तक शिकवत नाही, शंभर पाठींवर हात फिरला की बोटांना आपोआप कळायला लागतं. हे ज्ञान मी हॉस्पिटलच्या गेटपाशीच ठेवून घरी यायचो.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. सामानात तिने गंगेच्या पाण्याचा एक छोटा, तोंड बंद केलेला तांब्याचा गडू आणला होता. तो देव्हाऱ्यात ठेवताना तिने मला बजावलं, "माझ्या शेवटी यातलं पाणी आणि तुळशीचं पान माझ्या तोंडात पडलं पाहिजे. परदेशात मेले म्हणून कोरडी पाठवू नकोस." मी हसून हो म्हटलं.

त्याच वर्षी आम्ही घर घेतलं आणि पूजा ठरली. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याकडून मी पूजाविधीचं जाडजूड पुस्तक मागवून घेतलं होतं. त्यात कुठल्या हाताने काय उचलायचं, कशाच्या आधी काय म्हणायचं, सगळं छापलेलं. पूजा सुरू झाली तसा मी ते मांडीवर उघडून बसलो, हातात पेन्सिल घेऊन. काका म्हणत होते आणि मी समासात फुल्या मारत होतो. नऊ फुल्या झाल्यावर मला राहवलं नाही. तीसेक माणसं बसली होती. मी मोठ्याने विचारलं, "काका, हा मंत्र कुठल्या पानावर आहे?"

काका थांबले. म्हणाले, "पान मला माहीत नाही रे. माझे वडील असंच म्हणायचे."

"मग वडीलही चुकीचंच म्हणत असतील," मी म्हणालो.

लोक हसले. डॉक्टर मंडळी जरा जास्तच हसली. काकांनी डोळे मिटून उरलेली पूजा केली, शिऱ्याचा द्रोण घेतला आणि आईला नमस्कार करून निघून गेले. त्यानंतर ते कुणाकडेच पाटावर बसले नाहीत. लोक मला बोलवू लागले. मी पुस्तक घेऊन जायचो, एक-एक सूचना वाचून दाखवायचो, यजमान घाबरत घाबरत पळी उचलायचा आणि मुलं कंटाळून पेंगायची. मला मात्र आपण काहीतरी शुद्ध करून ठेवल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला बोलू, म्हाताऱ्याची जिरवली याचा आनंदच झाला होता मला.

आई पुष्कळ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. जाऊन माफी माग, असं तिने अनेकदा सांगून पाहिलं. मी टाळत राहिलो. ती स्वतः मात्र दर दिवाळीला काकांकडे बेसनाचे लाडू पाठवायची.

काही वर्षांनी, नव्वदच्या दशकात, आई माझ्याच हॉस्पिटलमध्ये वारली. मी दोन मजले खाली ऑपरेशन थिएटरमध्ये दुसऱ्याच कुणाला तरी भूल देत होतो. वर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. शेवटचं पाणी राहिलं. मी स्वतःची समजूत घातली की अजून क्रिमेटोरियम आहे, तिथे घालू. काका विधी सांगायचे तेव्हाच्या दोन अंत्यविधींत मी पाहिलं होतं, कॉफिन उघडं असायचं, काका मुलाचा हात धरून तोंडात तुळस ठेवायला लावायचे. पुस्तकातही स्पष्ट छापलं होतं: मुखात तुळशीपत्र व गंगोदक घालावे.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी सकाळी, आईला दिलेला शब्द पाळायचा म्हणून, मी काकांना फोन केला. उद्या तुम्हीच सांगा काय काय करायचं, असं म्हणालो. मला एकेकाळी अरे-तुरे करणारा तो माणूस शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, तुमच्याकडे बुक आहे ना? त्यात सगळं स्टेप बाय स्टेप असतं. मग माझा तुम्हाला काय यूझ?" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी एका खिशात गडू, दुसऱ्या खिशात कुंडीतली तुळस आणि बगलेत पुस्तक घेऊन उभा राहिलो. कॉफिन आत आलं. झाकण स्क्रूने घट्ट बसवलेलं होतं. अंत्यविधीची सगळी व्यवस्था पाहणाऱ्या अंडरटेकरला मी ते उघडायला सांगितलं. तो अतिशय नम्रपणे म्हणाला की तशी सूचना कुणी दिली नव्हती, आणि पुढच्या कुटुंबाची गाडी बाहेर येऊन थांबली आहे. मी वेड्यासारखा पुस्तकाची पानं उलटत राहिलो. पुस्तक लिहिणाऱ्याचं माणूस घरात, चटईवर, उघड्या तोंडाने मेलेलं होतं. त्याला झाकण कुठून सुचणार? शेवटी मी तुळस झाकणावर ठेवली आणि गडूचं बंद तोंड फोडून लाकडावर पाणी ओतलं. ते पॉलिशवरून घरंगळत खाली कार्पेटवर गेलं. मग मला बटण दाखवण्यात आलं, ते मी दाबलं आणि कॉफिनपुढे पडदा सरकला.

बाहेर पडताना पाहिलं, काका शेवटच्या रांगेत बसले होते. बसचा कोट घालून, मांडीवर हात ठेवून. सगळा वेळ ते तिथेच होते. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा ते हळूच उठले.

"आदल्या दिवशी फ्युनरल डायरेक्टरला रिंग करून सांगायला लागतं, लिड ओपन ठेवा म्हणून," ते म्हणाले. "आपण सांगितलं नाही तर ते क्लोज करतातच."

आदल्या दिवशीच मी त्यांना फोन केला होता. संध्याकाळपर्यंत वेळ होता. त्यांना फक्त एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते त्यांनी आजसाठी राखून ठेवलं होतं. ज्या बाईचे लाडू ते वर्षानुवर्षं खात आले, तिला त्यांनी माझ्यापायी कोरडी जाऊ दिली. मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण तीस माणसांसमोर मी त्यांच्या मेलेल्या बापाला चुकीचा ठरवलं होतं, आणि हे आम्हा दोघांनाही पाठ होतं.

"बरं वाटलं का, काका?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. कोटाची बटणं लावली आणि बस स्टॉपकडे चालू लागले.