सावलीत वाळलेला घास

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत बी विंगमध्ये एक बाई राहतात. त्यांचं नाव मला माहीत नाही. त्यांच्या सशाचं, बन्याचं, मात्र साऱ्या इमारतीला माहीत आहे.

म्हातारा बन्या विकतच्या सुक्या गवताला तोंड लावेना. वाळला चारा पोटात गेला नाही तर तो जगायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा देवळाबाहेर गाईसाठी विकतात तो लसूणघास बाईंनी आणला आणि घरीच वाळवला. थोडा गच्चीवर उन्हात, थोडा टाकीच्या सावलीत, उरलेला हेअर ड्रायरनं. मोठ्या संस्था अशा विषयावर परिसंवाद घेतात. बाईंनी जुन्या उशीच्या अभ्र्यांवर घास पसरून भागवलं. येताजाता मूठभर घास उचलून त्या अत्तरासारखा हुंगत.

रविवारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. बाई बन्याला टोपलीतून घेऊन आल्या. मागोमाग सेक्रेटरी आले.

“मॅडम, ही कॉमन गच्ची आहे, शेत नाही!”

“माहितीय हो काका. दोन मिनिटं थांबा ना, ह्याला निवडू दे.”

उन्हातल्या पिवळ्या घासाच्या पानांचा बाईंच्या हातातच चुरा झाला. उरलेल्या काड्यांकडे बन्यानं बघितलंही नाही. ड्रायरचा घास हुंगून त्यानं पाठ फिरवली. बाईंनी सावलीतली हिरवट काडी पुढे केली. बन्याचं नाक हललं, मग जबडा.

“अहो, खातोय की!” मी म्हणालो.

“शू!” सेक्रेटरी माझ्यावरच डाफरले. ते टोपलीपाशी उकिडवे बसले होते. “हळू बोल रे. खाऊ दे त्याला.”