'पतीचे नाव' सक्तीचे

मंडळी, सुनीताचा नर्सिंगचा अर्ज अजून गेलेला नाही आणि मुदत आज संपते. फॉर्मवरचं लेबल चुकलंय, हे प्रवेश कार्यालयातल्या बाईंनी आत्ताच फोनवर मान्य केलं.

दुपारी बातमी पाठवायला तीर्थपुरीच्या नेट कॅफेत आलो, तर शेजारच्या कॉम्प्युटरवर ही मुलगी अडकून बसलेली. फॉर्ममध्ये 'पतीचे नाव' ही चौकट सक्तीची. रिकामी ठेवली की फॉर्म पुढे सरकत नाही. आणि सुनीताचं तर लग्नच झालेलं नाही.

"टाक ना काही बी, ताई," कॅफेवाले फेरोजभाई म्हणाले. "मशीनला काय समजतंय?"

"मशीनला न्हाई समजत, भाई. पण कागद तपासताना नवरा मागितला, तर मंग कुठून आणू?"

सगळे हसले. ती हसली नाही.

मी त्या पानाचा कोड उघडला. कोडमध्ये त्या चौकटीचं नाव 'गार्डियन', म्हणजे पालक. वरचं लेबल तेवढं 'पतीचे'. वडिलांचं नाव टाकलं तर फॉर्म बिनबोभाट जाईल, असं मी तिला सांगितलं.

"अन् छापून काय येईल, काका?"

छापून 'पतीचे नाव' येणार आणि त्यापुढे तिच्या वडिलांचं. तिने कीबोर्डवरून हात काढून घेतले.

फॉर्म बनवणाऱ्यांनो, सक्ती लावण्याआधी एकदा अविवाहित मुलगी होऊन तो भरून बघता का?

लेबल पाचपर्यंत बदलेल, असं बाई म्हणाल्या आहेत. आमच्याकडे लोडशेडिंग साडेपाचला सुरू होतं.