बुरजाखालची घागर

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्या खानदेशात गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर भरतात, वर डांगर (खरबूज) ठेवतात. त्या वर्षी आईनं दोन घागरी आणल्या. एक वडिलांची. दुसरी कोपऱ्यात ठेवून म्हणाली, "सुरतले जाय. नामदेव जित्ता व्हई, तर हाईमातलं पानी आपनच पिऊत."

नामदेव, माझा दादा, सुरतेच्या पांडेसऱ्यात कपडा रंगवायच्या कारखान्यात होता. दीड वर्षात त्याचं पत्र नव्हतं. अंमळनेरहून पॅसेंजरनं निघालो, उधन्याला उतरलो. कारखान्यात सगळे नवे. खोलीवरही त्याला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. उरली पत्रातली एक ओळ: 'सुट्टीच्या दिवशी जुन्या कोटाच्या बुरजाखाली चहा पीत लिहितो.'

रिक्षावाला म्हणाला, "बुरज? बेसो ने! (बसा ना!)" आणि त्यानं मला थेट तापीकाठच्या किल्ल्यावर सोडलं; शहराच्या जुन्या कोटाचा बुरूज तो नव्हेच. चडफडत, विचारत विचारत निघालो. वाटेत लोचो (डाळीचा वाफवलेला मऊ पदार्थ) घेतला आणि अर्धा तसाच ठेवून पुढे निघालो.

अखेर बुरूज दिसला. दादाच्या पत्रांवरून मी केवढा थोरला समजत होतो! दोन मजल्यांएवढी गोल, विटांची बांधणी, फटीत पिंपळ, दोन्हीकडची भिंत कधीच पाडलेली. एका अंगाला शिंप्याचं छप्पर, दुसऱ्या अंगाला चहाची गाडी. गाडीवर शिरपूरकडची एक म्हातारी मावशी होती. दादाचं नाव काढताच तिनं स्टोव्ह बंद केला.

"तू त्याना भाऊ का? तोंड तेच शे," ती म्हणाली. "तापमा गया रे तो. खोलीमातला उडिया पोरेसनी तापीवर नेला. गावना पत्ता कोनकडेच नव्हता."

मी बुरजाला टेकून खाली बसलो आणि रडलो. शिंप्यानं मशीन थांबवलं.

"मांगली आखाजीले घरनं कोनी उनं नही," मावशी म्हणाली. "मंग मीच घागर भरी, आठेच, बुरजखाले. पन डांगर काही भेटनं नही." ही रुखरुख तिनं मला दोनदा सांगितली. चहाचे पैसे तिनं घेतले नाहीत.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली, पण बाहेर काय दिसलं ते आठवत नाही. घरी आईला सगळं सांगितलं, डांगराचं तेवढं सोडून.  तिनं एवढंच विचारलं, "त्या बाईनी डांगर ठेयेल व्हतं का रे?"

"हो," मी म्हणालो. "चांगलं पिकेल व्हतं."

"मंग बरं," म्हणत ती दुसरी घागर भरायला उठली. आईशी मी खोटं बोललो, त्याची मला लाज वाटत नाही.